इंग्लंडच्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन: परवानगीपासून नोंदीपर्यंत

इंग्लंड आणि वेल्समध्ये मेटल डिटेक्टर विकत घ्यायला किंवा वापरायला सरकारी परवाना लागत नाही. लागते ती जमीनमालकाची परवानगी. ती लेखीच घ्या. तोंडी बोलणं पहिली मौल्यवान वस्तू सापडेपर्यंतच टिकतं. शेत कुळाकडे असेल तर मालकाची आणि कुळाची, दोघांचीही सही हवी. एका पानात सगळं मावतं: कोणती शेतं, कोणत्या महिन्यांत, गाडी कुठे लावायची, आणि सापडलेल्या वस्तूंची वाटणी कशी. वाटणी साधारणपणे निम्मी-निम्मी असते. शेतातून सार्वजनिक पायवाट जाते म्हणून तिथे यंत्र फिरवता येतं, असा बऱ्याच नवख्यांचा समज असतो. तो चुकीचा आहे. पायवाटेवर हक्क फक्त चालण्याचा असतो.

शेतकऱ्याला भेटायला सुगीत किंवा मेंढ्या विण्याच्या दिवसांत जाऊ नका. त्याला तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते आणि नकार ठरलेला असतो. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व घेतलं की तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा मिळतो. त्याचं कार्ड दाखवलं तर बोलणं सोपं जातं.

एक गोष्ट शेतकऱ्याच्याही हातात नसते. संरक्षित पुरातत्त्वीय स्थळावर १९७९ च्या कायद्यानुसार शासकीय संमतीशिवाय डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे, मग खणा किंवा न खणा. अशा जागा ‘मॅजिक’ या सरकारी नकाशा-संकेतस्थळावर दिसतात. प्रत्येक नवं शेत आधी तिथे तपासा. शेत एखाद्या पर्यावरण योजनेत असेल तर त्याच्याही अटी असतात, त्या शेतकऱ्याला विचारून घ्या.

आता शेत निवडण्याबद्दल, कारण खरा वेळ इथेच घालवायला हवा. दुकानात यंत्रांची तुलना करण्यात लोक महिने घालवतात आणि मग समोर येईल त्या शेतात शिरतात. माझं मत स्पष्ट आहे: मध्यम यंत्र आणि अभ्यासून निवडलेलं शेत ही जोडी, महागडं यंत्र आणि कुठलंही शेत या जोडीपेक्षा नेहमी सरस ठरते. शेतातली बहुतेक नाणी कुणी पुरलेली नसतात, पडलेली असतात. म्हणून माणसं जिथे थांबत, वाकत, पैसे मोजत, त्या जागा शोधायच्या. मोडलेल्या वाटा, जुनी फाटकं, झऱ्याकाठ, चर्चकडे जाणारी पायवाट, जत्रेचं मैदान, कापणी करणारे जेवायला बसत तो कुंपणाचा सावलीचा कोपरा.

त्यासाठी साधनं फुकट आहेत. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा-संस्थेचे जुने सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशे आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून बघता येतात. त्यात इंग्लंडही येतं. १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेल्या टाइथ (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) नकाशांच्या नोंदवह्यांत शेतांची नावं असतात, आणि नावं बोलकी असतात. एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या लायडार, म्हणजे विमानातून लेसरने जमिनीची उंची मोजून केलेल्या, चित्रांत सपाट दिसणाऱ्या कुरणातही जुन्या घरांचे चौथरे आणि बुजलेल्या वाटा उठून दिसतात. कोरड्या उन्हाळ्यात पिकाच्या रंगातला फरकही तेच सांगतो: बुजलेल्या चरावर पीक जास्त हिरवं, गाडलेल्या भिंतीवर पिवळं.

एक चकवा मात्र ओळखून ठेवावा. शेतभर बटणं, बकलं आणि व्हिक्टोरियाच्या पेन्या पसरलेल्या मिळाल्या म्हणजे तिथे वस्ती होती असं नाही. पूर्वी शहरातला मैला आणि केरकचरा खत म्हणून गाड्या भरभरून शेतात टाकत; ही बटणं त्याच गाड्यांतून आलेली असतात. आजच्या काळातला याचा भाऊबंद म्हणजे नगरपालिकेच्या हिरव्या कचऱ्याचं खत. त्यात यंत्राने चिरडलेल्या ॲल्युमिनियमच्या चिंध्या असतात. ते एकदा शेतात पडलं की पावलागणिक दहा सिग्नल, आणि सगळे खोटे. असं शेत सोडून द्यावं.

धान्य निघाल्यावर ऑगस्टात शेतं मोकळी होतात, पण उंच धसकटांत कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाची गोल चकती, जमिनीला टेकत नाही. पंधरा सेंटिमीटरचं धसकट म्हणजे पंधरा सेंटिमीटर खोली वाया. ताज्या नांगरटीत ढेकळांमधल्या पोकळ्या आणि तिरकी होणारी कॉइल त्रास देतात. सगळ्यात चांगली अवस्था म्हणजे पेरून, वर रोलर फिरवलेलं सपाट शेत. पण तिथे शेतकऱ्याने हो म्हटलं असेल तरच, आणि पीक बोटभर वाढेपर्यंतच. जमिनीला वापसा असावा. ठणठणीत कोरड्या मातीत खोलवरचे सिग्नल अशक्त येतात, आणि चिखलात चाललात तर पेरणी तुडवली जाते. छोटं चांदीचं नाणं पंधरा-वीस सेंटिमीटरच्या खाली गेलं की बहुतेक यंत्रांना ते ऐकू येत नाही. दर नांगरटीला माती उलथते, म्हणून गेल्या वर्षी ‘संपलेलं’ शेत यंदा पुन्हा देतं.

यंत्र कसं चालतं हे समजून घेतलं तर निम्म्या चुका टळतात. कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, त्या प्रवाहांचं क्षेत्र परत येताना थोडं मागे पडतं, आणि ते किती मागे पडलं यावरून यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं. हा आकडा धातूचं नाव सांगत नाही. धातू किती चांगला वाहक, वस्तू किती मोठी, किती जाड, या सगळ्याचा तो एकत्रित अंदाज असतो. मोठं चांदीचं नाणं वरचा आकडा देतं. त्याच चांदीचा पातळ चतकोर तुकडा चॉकलेटच्या वेष्टनातल्या पन्नीइतका खालचा आकडा देतो. सोन्याची बारीक अंगठी आणि पेयाच्या डब्याची कडी एकाच जागी वाजतात. तेव्हा कचरा टाळायला म्हणून डिस्क्रिमिनेशनने (नको ते आकडे न वाजवण्याच्या सोयीने) खालचे आकडे बंद करणं म्हणजे मध्ययुगीन, कापून तुकडे केलेली नाणी स्वतःच्या हाताने गाळून टाकणं. लोखंड तेवढं बाजूला ठेवा, बाकी सगळं खणा.

लोखंडही फसवतं. वाकडा खिळा किंवा नालाचा तुकडा मध्येच वरचा, गोड आवाज काढतो. अशा वेळी जागेवरच नव्वद अंश वळून पुन्हा कॉइल फिरवा. नाणं दोन्ही दिशांनी सारखं वाजतं. खिळ्याचा आवाज एका बाजूने तुटतो. कॉइल हळूहळू वर उचलली आणि आवाज तितकाच मोठा राहिला तर खाली नांगराचा फाळ किंवा पत्रा असण्याची शक्यता जास्त.

सुरुवातीला दोन कामं न विसरता करा. धातू नसलेल्या जागी कॉइल पाच ते वीस सेंटिमीटरच्या दरम्यान खालीवर करत ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा आवाज गाळणारी जुळवणी) लावा आणि माती बदलली की पुन्हा लावा. मग नॉइज कॅन्सल. विजेच्या तारा, जनावरांचं इलेक्ट्रिक कुंपण, शेजारी फिरणारं दुसरं यंत्र, या सगळ्यांनी कुरकुर होते. सेन्सिटिव्हिटी टोकाला नेऊन ती कुरकुर ऐकत बसण्यापेक्षा दोन पायऱ्या खाली उतरलेलं बरं, कारण गोंगाटात मंद सिग्नल हरवतात. मिनलॅब इक्विनॉक्स किंवा एक्सपी ड्यूस २ सारखी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रं मिश्र मातीत चांगली. पण एका फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या स्वस्त यंत्रानेही भरपूर मिळतं. खिळ्यांनी भरलेल्या जुन्या वस्तीच्या जागी मोठ्या कॉइलऐवजी सहा इंची लावा, म्हणजे दोन खिळ्यांच्या मधलं नाणं वेगळं ऐकू येईल.

कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, समांतर. हात दोन्ही टोकांना वर उचलला जातो, ही सगळ्यांचीच सवय. ती मोडावी लागते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. हेडफोन लावा. सगळ्यात मंद आवाज तेच पकडतात.

सिग्नल मिळाला की आडवी-उभी कॉइल फिरवून मध्य नक्की करा, आणि कुदळ-स्पेड त्या मध्यापासून वीतभर लांब घाला. मध्यावरच घाव घातला तर नाण्यावर कायमची खाच बसते. नांगरलेल्या शेतात ढेकूळ काढून पिनपॉइंटरने (हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने) चाचपा. कुरणात गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापायचा, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवायची, माती कापडावर काढायची, आणि भरताना पायाने दाबायची. कडक उन्हाळ्यात कुरणात खणूच नका. कापलेलं गवत वाळतं आणि शेतकऱ्याला हिरव्या रानात पिवळे ठिपके दिसतात. खड्डा बुजवण्याआधी त्यावरून पुन्हा एकदा कॉइल फिरवा. शिसं, तारा, काडतुसांच्या टोप्या तिथेच न टाकता बरोबर न्या. हातबॉम्ब किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता दूर जाऊन ९९९ वर फोन. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं.

खणायचं ते नांगराच्या थरापुरतंच, म्हणजे साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटर. त्याखालची माती कुणी ढवळलेली नसते, आणि वस्तू ज्या क्रमाने पडल्या त्याच क्रमाने तिथे असतात. सिग्नल खालून येतोय, मडक्याचा काठ दिसतोय, एकामागोमाग नाणी निघतायत, असं झालं की थांबायचं. १९९२ साली सफोकमधल्या हॉक्सन गावात एरिक लॉज हे शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधत होते. रोमन सोन्याचांदीची नाणी निघू लागल्यावर त्यांनी खणणं थांबवून कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी बाकीचं काढलं. सुमारे पंधरा हजार नाणी, दागिने, चमचे; शिवाय ते सगळं ज्या लाकडी पेटीत भरलं होतं तिची मांडणीही उलगडता आली. हातोडीसुद्धा सापडली, आणि तीही ब्रिटिश म्युझियमने ठेवली आहे. याच्या उलट लेम्स्टरजवळचं प्रकरण. २०१५ मध्ये दोघांना तिथे व्हायकिंग काळातला साठा सापडला, त्यांनी तो लपवून विकायला काढला. साठ्यात सुमारे तीनशे नाणी होती असा अंदाज आहे, त्यांतली थोडीच हाती लागली. २०१९ मध्ये दोघेही तुरुंगात गेले.

कायदा नेमका काय मागतो? १९९६ चा ट्रेझर ॲक्ट. नाण्यांखेरीज तीनशे वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू. एकाच ठिकाणची अशी दोन किंवा अधिक सोन्या-चांदीची नाणी. तांब्या-पितळेची असतील तर दहा किंवा अधिक: हा ‘ट्रेझर’. जुलै २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुन्या, अपवादात्मक महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात येतात. सापडल्यापासून, किंवा ही वस्तू ट्रेझर असावी हे लक्षात आल्यापासून, १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे ट्रेझरची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला, कळवायचं. संग्रहालयाने वस्तू घेतली तर बक्षीस ठरतं आणि ते साधारणपणे शोधणारा व जमीनमालक यांत वाटलं जातं. विनापरवानगी शिरलेल्याला त्यावर पाणी सोडावं लागू शकतं. स्कॉटलंडमध्ये नियम कडक आहेत, तिथे ट्रेझर असो वा नसो, जुन्या वस्तू कळवाव्या लागतात. उत्तर आयर्लंडमध्ये पुरातत्त्वीय वस्तूंसाठी खणायला परवाना हवा.

आणि हो, सुट्टीला घरी जाताना हे यंत्र गड-किल्ल्यांवर फिरवण्यासाठी बॅगेत टाकू नका. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. शिवाय संरक्षित स्मारकांचा कायदा वेगळा. कुणाच्या नांगराला शिवराई लागली तर तिची नोंद होणं हे चांगलंच, पण इंग्लंडमधली मोकळीक तिथे नाही.

ट्रेझर नसलेल्या वस्तूंची नोंद ऐच्छिक आहे, तरी ती करावीच. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम १९९७ पासून हे काम करते. प्रत्येक भागात फाइंड्स लायझन ऑफिसर असतो. त्याला हवी असते वस्तू सापडली ती नेमकी जागा. सहा आकडी ग्रिड संदर्भ (ब्रिटिश नकाशावरचा स्थान-क्रमांक) म्हणजे शंभर मीटरचा चौकोन, आठ आकडी म्हणजे दहा मीटरचा, दहा आकडी म्हणजे एक मीटरचा. फोनवरच्या ॲपने दहा आकडी मिळतो. वस्तू निघाली की लगेच छोट्या पिशवीत टाकून पिशवीवर क्रमांक, तारीख आणि संदर्भ लिहा. घरी जाऊन आठवून लिहायचं म्हटलं तर चौथ्या नाण्यापर्यंतच सगळी सरमिसळ होते.

समजा पिशवीत चांदीचा पातळ अर्धगोल आहे, कापलेली कड सरळ, वजन ०.६ ग्रॅमच्या आसपास. मोडलेलं नाणं म्हणून टाकू नका. १२७९-८० मध्ये पहिल्या एडवर्डने गोल अर्धी पेनी आणि फार्दिंग (पाव पेनी) नियमित पाडायला सुरुवात केली. त्याआधी सुटे हवे असले की पेनीच कापत. मागच्या बाजूचा क्रूस कापायची रेघ म्हणून उपयोगी पडे. कापलेल्या कडेला लागून क्रूसाचा हात दिसतो का बघा. तो दुहेरी रेघेचा असून नाण्याच्या कडेपर्यंत गेला असेल तर १२४७ नंतरचा. आखूड असेल तर बहुधा ११८० ते १२४७ मधला. कोपऱ्यात उरलेल्या दोन-तीन अक्षरांवरून टांकसाळीचं नावही लागतं.

साफसफाईत सगळ्यात जास्त नासाडी होते. चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी, टूथपेस्ट, यातलं काहीही नाण्याला लावू नये. तांब्याच्या नाण्यावरचा हिरवा गुळगुळीत थर हाच त्याचा उरलेला पृष्ठभाग असतो, अक्षरं त्याच थरात असतात. तो घासला की खाली खडबडीत लाल तांबं राहतं. चांदीचं नाणं शुद्ध पाण्यात बुडवून माती सुटू द्यावी आणि न चोळता टिपून घ्यावं. लोखंडाची आणि ट्रेझर ठरू शकणारी वस्तू तर मातीसकट तशीच द्यावी. तांब्यावर फिक्या हिरव्या पुडीचे ठिपके दिसू लागले तर तो रोग पसरतो. ते नाणं वेगळं काढून सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात ठेवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत काही वर्षांत तांब्यावर चिकट हिरवा लेप चढतो, म्हणून पाकिटं पॉलिएस्टरची घ्या. आणि शिशाच्या वस्तू ओकच्या कपाटात ठेवू नका. त्या लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांची पांढरी भुकटी होते.