पृष्ठ २१२

प्रबंध सादर व्हायला चार दिवस उरले होते. ग्रंथालयात संदर्भसूची तपासून द्यायचं काम माझ्याकडे असतं, आणि शेवटच्या आठवड्यात येणारे विद्यार्थी बहुधा एवढंच म्हणतात, ''मॅडम, फक्त फॉरमॅट बघून द्या ना.'' तीही तेच म्हणाली.

फॉरमॅटमध्ये नेहमीचंच होतं. विभागाने एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीची २०१९ साली आलेली सातवी आवृत्ती सांगितली होती, पण निम्म्या पुस्तकांपुढे प्रकाशकाचं शहर अजून होतंच. या आवृत्तीत ते द्यायचं नसतं. तीन-चार लेखक असले की मजकुरात पहिल्याचं नाव आणि 'व इतर' पुरतं, तिथे सगळी आडनावं ओळीने. तासाभरात हे निस्तरलं.

अडले ते चौथ्या प्रकरणातल्या एका अवतरणाशी. कंसात आडनाव, १९९४, पृ. २१२. सूचीत त्या लेखापुढे खंड, अंक, सगळं जागच्या जागी, आणि पृष्ठं ४५–६१. सतरा पानांच्या लेखात दोनशे बारावं पान आलं कुठून?

''टायपिंगची चूक असेल, मॅडम.''

मला पटेना. टाइप करताना आकडे उलटसुलट होतात, एखादा गळतो; ४५ ते ६१ मधल्या कुठल्याही आकड्याचा २१२ होणं कठीणच. ''मूळ लेख वाचलास का?'' मी विचारलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग पिशवीतून एक जाडं पाठ्यपुस्तक काढून तिने २१२वं पान उघडलं. वाक्य तिथे होतं, पेन्सिलीने अधोरेखित केलेलं. लेखाचा तपशील तिने त्या पुस्तकाच्या सूचीतून उचलला होता, पृष्ठांक मात्र पुस्तकाचाच राहिला.

डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख-क्रमांक, टाकून मूळ लेख काढला. ५८व्या पानावर तेच वाक्य: मोठ्याने वाचलेला मजकूर मुलांच्या जास्त लक्षात राहिला. पण मुळात तिथे पूर्णविराम नव्हता, स्वल्पविराम होता, आणि पुढे लेखकांनीच म्हटलं होतं की आठवड्यानंतर हा फरक उरला नाही. पुस्तकाने वाक्य अर्ध्यावर तोडलं होतं. तिचं अख्खं चौथं प्रकरण त्या अर्ध्या वाक्यावर उभं होतं.

मूळ लेख हाती लागलाच नसता, तरी सरळ वाट होती. मजकुरात मूळ लेखकाचं नाव द्यायचं, ते कुठल्या पुस्तकातून उद्धृत केलं हे त्यापुढे लिहायचं, आणि सूचीत फक्त ते पुस्तक घालायचं. एपीएला हे चालतं, एमएलए या दुसऱ्या संदर्भपद्धतीलाही. त्यात कमीपणा अजिबात नाही. न वाचलेला लेख सूचीत घालणं मात्र मला फॉरमॅटची चूक वाटत नाही. नकळत का होईना, ती वाचकाची फसवणूक आहे. हे मी तिला स्पष्ट सांगितलं. तिचे डोळे भरून आले.

बाहेर जाऊन तिने मार्गदर्शकांना फोन लावला. परत आली ती म्हणाली, ''सरांनी मुदतवाढीचा अर्ज करायला सांगितलंय.'' ग्रंथालय बंद करायच्या वेळी ती खिडकीजवळच्या टेबलावर तो लेख वाचत होती, पहिल्या पानापासून.