हसता हसता गळा दाटला
काल रात्री ‘द फॉर्टी इयर ओल्ड व्हर्जिन’ (२००५) हा इंग्रजी सिनेमा पाहिला. आवाज बारीक करून, कारण संवाद असे की शेजारच्या खोलीत कुणी ऐकलं तर माझीच पंचाईत! छातीचं वॅक्सिंग, नायक अँडी झालेल्या स्टीव्ह कॅरेलने कॅमेऱ्यासमोर खरंच करून घेतलंय; पट्टी ओढली की तोंडातून निघणाऱ्या शिव्याही अस्सल. हसून पोट दुखलं.

चाळिशीतही ‘ते’ न केलेल्या अँडीला मित्रांचे सल्ले एकजात भिकार. पण त्याची मैत्रीण ट्रिश म्हणते, ‘ते’ इतक्यात नको, विसाव्या डेटपर्यंत थांबायचं ठरतं, आणि अँडीच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरतं ना, तिथे माझा गळा दाटला. खोकेसुद्धा न उघडता खेळणी जपणारा माणूस हो तो! मी आपली चावट विनोदांच्या तयारीने बसलेले. चष्मा पुसायला सिनेमा थांबवावा लागला.