२८ टक्क्यांची वाढ

एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, देशभरातल्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल आला की डेस्कवर एकच गडबड उडते. वार्ताहर पहिला तक्ता उघडतो, एकूण बेरीज उचलतो, मागच्या वर्षीशी ताडून बघतो, की मथळा तयार. तो मथळा अडवणं हे माझं काम. ‘ताई, वाढले की घटले एवढंच सांगा ना,’ असं कुणी म्हणालं की मी त्याच्यापुढे २०२०चा अहवाल ठेवते.

त्या वर्षी देशात ६६,०१,२८५ दखलपात्र गुन्हे नोंदले गेले. आदल्या वर्षी ५१,५६,१५८ होते. म्हणजे थेट २८ टक्के वाढ. कोरोनाची टाळेबंदी, माणसं घरात कोंडलेली, रस्ते ओस, आणि एवढे गुन्हे केले कुणी? आतली पानं चाळली की कळतं. सरकारी आदेश मोडल्याचे, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८चे गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले होते. संचारबंदीत विनाकारण फिरताना सापडलेला माणूसही त्या बेरजेत आला. पारंपरिक गुन्हे सुमारे २ लाखांनी घटल्याचं अहवालातच लिहिलंय, पण तिथपर्यंत वाचतो कोण!

बरं, घट तरी खरी मानायची का? महिलांवरील गुन्हे ४,०५,३२६ वरून ३,७१,५०३ वर आले. मारणारा दिवसभर त्याच घरात असताना बाई पोलीस ठाण्यात जाणार कधी? त्याच टाळेबंदीत राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या होत्या. खून मात्र सहसा दडपता येत नाही. ते २९,१९३ होते, जेमतेम १ टक्का जास्त. एकाच आकड्यावर भिस्त ठेवायची झाली, तर मी खुनाचा आकडा आधी बघते.

मोजणीची आणखी एक गंमत. एका एफआयआरमध्ये कितीही कलमं असोत, तक्त्यात सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा धरतात. घरफोडीत खून झाला की ती खुनाच्या रकान्यात जाते, घरफोडीच्या रकान्यात तिचा पत्ता नसतो.

सगळ्यात वैताग आणते ती राज्यांची क्रमवारी. जिथे तक्रार लगेच लिहून घेतात, ते राज्य वर चढतं आणि बदनाम होतं. मग आकडा खाली ठेवायचा सोपा उपाय उरतो: तक्रारदाराला दारातूनच परत पाठवायचं. ती चौकट मी पानावर घेत नाही. संपादक दरवर्षी कुरकुरतात.