जिप्सीचं इंजिन बदललं, पण सुरुवात रेडिएटरपासून

गाडी १९९८ ची मारुती जिप्सी किंग, कार्बोरेटरवाली. आत जी१३बीए इंजिन: १२९८ सीसी, आठ वाल्व, ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि हेडही ॲल्युमिनियमचं. हे इंजिन दणकट आहे, पण उष्णता त्याला सोसत नाही. रेडिएटरचा खालचा हौज, म्हणजे पाण्याची रबरी नळी, चढावर फाटला, पाणी गेलं आणि इंजिन भाजलं. त्या सगळ्या वेळात तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही. त्यात काट्याची चूक नाही. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. पाणी संपलं की तो कोरड्या पोकळीत लटकतो, आणि हेड तापत असताना काटा निवांत बसतो.

इंजिन दुरुस्त करायचं की बदलायचं, हे ठरवण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो, ते बघितलं. चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, स्टार्टर मारून. या इंजिनाला १४ किलो/चौ. सेंमी हवं, १२ च्या खाली गेलं तर विचार करायचा, आणि दोन सिलिंडरमधला फरक १ किलोपेक्षा जास्त नको. माझे आकडे: १२, ५, ५, साडेअकरा. दोन आणि तीन नंबरला चमचाभर ऑइल सोडून परत बघितलं, आकडा हलला नाही. म्हणजे रिंगा नव्हे. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेत, तेव्हा हेड आणि ब्लॉकमधली गास्केट त्या दोघांच्या मध्ये फुटलेली. एवढंच असतं तर हेड उतरवून प्लेन केलं असतं आणि विषय संपला असता. पण हेड काढल्यावर सरळ पट्टी लावली तर मध्ये ०.२० मिमीचा फीलर (फट मोजायचं पातळ पातं) जात होता, इतकं हेड वाकलेलं. मर्यादा आहे ०.०५. ब्लॉकचा माथाही दोन-तीनच्या मध्ये खचलेला, बोअरला उभे ओरखडे. संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उघडल्यावर तीन नंबरच्या बिग एंड बेअरिंगचं, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडणाऱ्या बेअरिंगचं, तांबं दिसायला लागलेलं. ब्लॉक प्लेन, बोअर, ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, नवं हेड, एवढं जमवण्यापेक्षा चांगलं चालू इंजिन आणणं शहाणपणाचं.

कुठलं इंजिन आणायचं

इथे मोह होतो तो एस्टीमच्या सोळा वाल्व इंजिनाचा. २००० पासून जिप्सीतच तसलं जी१३बीबी, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शन), ८० हॉर्सपॉवर मिळायला लागलं. माझं जुनं ६० च्या आसपास. ऐकायला सोपं वाटतं. पण एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, त्यामुळे संप, फाउंडेशनचे (इंजिन चेसिसवर धरणारे) ब्रॅकेट, मॅनिफोल्ड, पाण्याच्या नळ्यांची तोंडं सगळं बदलावं लागतं. वर ईसीयू (इंजिनाचा संगणक), पूर्ण वायरिंग आणि जास्त दाबाचा पेट्रोल पंप. जमतं, बरेच जण करतात. पण आर.सी.वर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी तयार होते, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीतल्या बदलांबद्दलचं, नेमकं तिथेच आडवं येतं. मी त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन घेतलं.

बाजारात ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ असे दोन शब्द चालतात. मला हाफ म्हणून दाखवलं ते हेडसकट ब्लॉक. अल्टरनेटर, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर आपले. मला हाफ पुरेसं होतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला तीन इंजिनं बघितली, दोन सोडली. सोबत नेलेलं सामान: कॉम्प्रेशन गेज, १७ चा पाना, मोबाइलला लागणारा वायरीचा कॅमेरा, टॉर्च.

पहिल्याचं ऑइल भरायचं झाकण उघडलं तर खाली दुधट साका, म्हणजे ऑइलमध्ये पाणी. सोडलं. दुसरं वरून धुऊन चकचकीत केलेलं, पण थर्मोस्टॅटचं घर उघडल्यावर आत तपकिरी गाळाचा थर. ज्यात साधं पाणी वर्षानुवर्षं फिरलंय ते इंजिन आतून सडलेलं असतं, बाहेरून कितीही धुवा. तेही सोडलं. तिसऱ्याचं वाल्व कव्हर काढून रॉकर (वाल्व दाबणारे हात) बघितले: फिक्या सोनेरी रंगाचे, काळा डांबरी थर नाही. क्रँक पुलीच्या बोल्टवर १७ चा पाना लावून दोन पूर्ण फेरे हाताने फिरवलं. कुठे अडलं नाही. प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला, बोअरवर होनिंगच्या (कारखान्यात घासल्याच्या) तिरक्या रेघा अजून दिसत होत्या, म्हणजे झीज कमी. तिथे गिअरबॉक्स जोडून स्टार्टर मारून दाखवला: साडेबारा, १३, साडेबारा, १३. इंजिन थंड, म्हणून हे मला चालले.

क्रँक पुलीमागची चावी (क्रँकवर घसरू न देणारा धातूचा छोटा तुकडा) आणि तिचा खाचा बघायला विसरू नका. सेंटर बोल्ट सैल राहिला की चावी हलते, खाचा रुंद होतो आणि टायमिंग स्वतःच्या मर्जीने सरकतं. असा क्रँक दुरुस्त होतो, पण तो विकत घ्यायचं काही कारण नाही.

पैसे देण्याआधी कागद. इंजिन नंबर टाकलेलं बिल, ज्या गाडीतून निघालं तिच्या आर.सी.ची प्रत, आणि एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) ऑनलाइन सेवेत तो इंजिन नंबर तपासून चोरीत नसल्याचा दाखला. यातला एक जरी कागद ‘नंतर पाठवतो’ म्हणाले, तर इंजिनही नंतरच घ्या.

उतरवणं

गिअरबॉक्स गाडीतच ठेवला. एक्झॉस्टच्या स्टडना आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं; तरी एक तुटला. बॅटरीची निगेटिव्ह वायर, मग कूलंट, मग ऑइल. बॉनेट उतरवताना बिजागरीभोवती मार्करने रेघ मारली, नाहीतर परत बसवताना तासभर फटी जुळवत बसावं लागतं. ग्रिल, रेडिएटर, फॅन. ॲक्सिलरेटर, चोक आणि क्लचच्या केबल. पेट्रोलच्या आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांना कागदी टेप लावून त्यावर नंबर, आणि फोटो. फोटो एकटा पुरत नाही. नळ्या सगळ्या काळ्याच असतात.

बेलहाउसिंगचे, म्हणजे इंजिनाला जोडणाऱ्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाचे, बोल्ट १४ च्या पान्याचे. वरच्यांना लांब एक्स्टेंशन लागतं. ते सोडण्याआधी गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक दिला. फाउंडेशनचे नट काढले, अर्ध्या टनाची चेनकुप्पी लावली, इंजिनाचं नाक किंचित वर ठेवून सरळ पुढे ओढलं. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत इंजिन वर उचलायचं नाही. इंजिनाचं वजन शाफ्टवर टांगलं तर प्लेटचा हब वाकतो, आणि ते गाडी चालवायला लागल्यावरच कळतं.

बाहेर आहे तोवर

आणलेलं इंजिन चांगलं होतं, तरी या गोष्टी नव्या घातल्या: टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्रँकचं पुढचं आणि मागचं ऑइल सील, कॅमचं सील, ब्लॉकच्या अंगातल्या पत्र्याच्या गोल बुचा, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलच्या मध्ये बसणारं छोटं पायलट बेअरिंग. शेवटचं सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात जास्त वेळा विसरलं जाणारं. ते वाजायला लागलं की इंजिन नाहीतर गिअरबॉक्स परत उतरवावा लागतो.

मागच्या बुचांपैकी एक गिअरबॉक्सच्या बाजूला येते. गाडीत बसल्यावर तिथे हात जात नाही. जुनी ठोकून काढली तर आतून कागदाएवढी पातळ झालेली.

फ्लायव्हील बोल्टना साधारण ६० न्यूटन-मीटर, आट्यांना लॉकिंगचं द्रव. क्लच प्लेटची स्प्रिंगवाली फुगीर बाजू प्रेशर प्लेटकडे. उलटी बसली तर क्लच सुटतच नाही. मधोमध धरायला जुना गिअरबॉक्स शाफ्ट वापरला.

टायमिंग बेल्टचा, म्हणजे क्रँक आणि वाल्व उघडणारा कॅम यांना जोडणाऱ्या पट्ट्याचा, एक सापळा आहे. क्रँकची खूण आणि कॅमची खूण जुळली की आपण एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आला असं समजतो. या आठ वाल्व इंजिनात खुणा जुळतात तेव्हा कॉम्प्रेशनवर असतो तो चार नंबर. डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) रोटर एकच्या वायरीकडे करून बसवला तर अर्ध्या फेऱ्याने चुकतो, आणि इंजिन सायलेन्सरमधून फटाके वाजवतं. मी दोनदा तपासून चारकडे तोंड करून बसवला. फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगी पडायचा क्रम, १-३-४-२.

बसवणं

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये दोन पोकळ खुंट्या असतात, दोन्ही एका रेषेत धरायला. आणलेल्या इंजिनावर एकच होती. दुसरी जुन्या ब्लॉकमधून काढून घातली. एका खुंटीवर बसवलेली जोडी चालते, पण क्लच थरथरतो आणि शाफ्टचं सील लवकर जातं.

इंजिन मागे सरकवताना शेवटचं बोटभर अंतर मिटत नव्हतं. अशा वेळी बोल्ट आवळून खेचायचं नाही. ॲल्युमिनियमचा कान तुटतो. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून एकाने पुलीचा बोल्ट हळू फिरवला, दातरे जुळले, आणि इंजिन हाताच्या रेट्याने गपकन बसलं. मगच बोल्ट.

माझी चूक अर्थिंगची. इंजिनापासून चेसिसला जाणारी विणलेली पट्टी लावायची राहिली. स्टार्टर मारला, तो रडतखडत फिरला आणि चोकच्या केबलमधून धूर आला. स्टार्टरचा सगळा करंट परतीची वाट शोधत त्या बारीक केबलमधून गेला. तीन सेकंदांत केबलचं आतलं प्लास्टिक वितळलं. नवी केबल, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांचा रंग खरवडून घट्ट नट.

परत रेडिएटरकडे

जुन्या इंजिनाचा खून हौजने केला, पण आधीपासून त्याला कोंडत होता रेडिएटर. दोन्ही हौज काढून वरच्या तोंडात बादलीभर पाणी ओतलं. मोकळ्या रेडिएटरमधून ते ओतल्या वेगाने खाली यायला हवं. माझ्यातून करंगळीएवढी धार. बोअरवेलच्या पाण्याचा चुना खालच्या नळ्यांत बसलेला. फॅनभोवतीचं कवचही कुणीतरी कधीतरी काढून टाकलेलं. ते नसलं की फॅन रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी शेजारचीच हवा घुसळतो. रेडिएटरवाल्याकडे टाक्या सोडवून नळ्यांत पट्टी घालून साफ केलं, कवच जुन्या बाजारातून आणलं. सगळे हौज नवे, क्लिपाही नव्या. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, सुमारे ५ लिटर. थर्मोस्टॅट नवा असला तरी पातेल्यात उकळून उघडतोय का बघितलं.

काट्यावर भरवसा नको म्हणून हेडच्या धातूलाच एक वेगळा सेन्सर बोल्टखाली दाबून बसवला, त्याला बझर जोडला. पाणी नसलं तरी धातू तापतोच, आणि बझर बोंबलतो.

पहिला स्टार्ट

ऑइल फिल्टर आधी भरून लावला, एकूण साडेतीन लिटरच्या आसपास, काठी बघत. प्लग काढलेले ठेवून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारला. चौथ्या खेपेला ऑइलचा दिवा विझला. मग प्लग लावले. मग दिव्याचा ऑइल स्विच काढून त्या जागी दाब दाखवणारा यांत्रिक गेज लावला: गरम झाल्यावर ३००० आरपीएमला साडेतीन किलो. या इंजिनाला ३ ते ४.२ चालतं. हवा काढायला गाडीचं नाक चढावर ठेवून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, वरचा हौज तापेपर्यंत आयडलला सोडली.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर फाउंडेशनचे आणि एक्झॉस्टचे नट परत आवळले. एक्झॉस्टचे दोन पाव फेरा सैल होतेच. ५०० ला ऑइल आणि फिल्टर बदलला, फिल्टर कापून बघितला, धातूच्या कणांची चमक नव्हती.

आरटीओचं काम यात सगळ्यात हळू चाललं. इंजिन बदलण्याची परवानगी आधी घेतलेली बरी. बदल केल्यावर १४ दिवसांत कळवायचंच आहे. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती लागते. इंजिन बाहेर असतानाच नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतला होता, कारण बसल्यावर तिथे नीट हात पोचत नाही. आर.सी.वर नवा नंबर चढला की विमा कंपनीकडूनही तो पॉलिसीवर चढवून घ्यायचा. क्लेमच्या वेळी जुळवून बघतात.

राहिलंय ते एक. संपच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे सील आणि सीलंटचा सांधा येतो, तिथे ओल आहे. टपकत नाही, धूळ चिकटते इतपतच. पुढच्या ऑइलच्या वेळी संप उतरवून, पुसून कोरडा करून सीलंट नव्याने लावणार आहे.