हृदयपेशीचं मॉडेल, नोंद सहावी: एनओ एका डब्यात मावेना

संगणकावर हृदयपेशीचं मॉडेल बांधतोय. मागच्या नोंदीत त्यातला कॅल्शियमचा, म्हणजे पेशीला आकसायला लावणारा भाग एकदाचा बसला होता. पेशीतलं कॅल्शियम १०० नॅनोमोलरच्या आसपासून उठतं, एक मायक्रोमोलरजवळ जातं आणि पुढच्या ठोक्याआधी निमूटपणे खाली येतं. आता त्यावर नायट्रिक ऑक्साइड (एनओ) चढवायचं, एवढंच राहिलं होतं. ‘एवढंच’ म्हणालो आणि तीन आठवडे गेले.

पहिला आठवडा निव्वळ वेंधळेपणाचा. एनओची पातळी नॅनोमोलरमध्ये द्यायची होती, मी कॅल्शियमची मायक्रोमोलरवाली ओळ उचलून चिकटवली. थेट हजारपट डोस! आकुंचनाची रेघ अशी आडवी झोपली की आलेखच निघाला नाही असं समजून मी दोन संध्याकाळी प्लॉटिंगचा कोड तपासत बसलो. आता प्रत्येक व्हेरिएबलच्या नावातच एकक लिहितो. तुम्हीही लिहा.

एकक सुधारल्यावर मूळ साखळी लगेच चालली. एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून एनओ, त्यानं ग्वानिलेट सायक्लेज हे एन्झाइम जागं होतं, ते सीजीएमपी हा निरोप्या रेणू बनवतं, सीजीएमपी प्रोटीन कायनेज-जी हे दुसरं एन्झाइम चालू करतं आणि ते आकुंचनाच्या तंतूंवरच्या ट्रोपोनिन-आय या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं. मग हे तंतू कॅल्शियमला कमी दाद देतात आणि स्नायू लवकर सुटतो. १९९४ मध्ये माणसांच्या हृदयधमनीत नायट्रोप्रसाइड हे एनओ देणारं औषध सोडून पाहिलं गेलं, तेव्हा डाव्या जवनिकेचं शिथिलीकरण आधी सुरू झालं होतं. माझ्या आलेखातही उतरती बाजू डावीकडे सरकली. इथवर मी खूश.

घोटाळा पुढे झाला. हृदयपेशीत एनओ बनवणारी एन्झाइम्स एकाहून जास्त आहेत. त्यांना एनओएस म्हणतात. एनओएस-३ पेशीपटलाच्या खळग्यांत बसतं, एनओएस-१ आत कॅल्शियमच्या साठ्याला लागून. मी दोघांचा एनओ मॉडेलमधल्या एकाच डब्यात, म्हणजे एकाच कप्प्यात, ओतला होता. मग एकदा एनओएस-१ बंद केलं, एकदा एनओएस-३. दोन्ही रेघा तंतोतंत एकमेकींवर बसल्या. खालचा निळा रंग दिसेना. २००२ मधले उंदरांवरचे प्रयोग मात्र स्पष्ट आहेत: एनओएस-३ नसलेल्या उंदरांचं हृदय बीटा-उद्दीपनाला (अ‍ॅड्रेनलिनसारख्या चेतवणीला) जास्त जोरानं प्रतिसाद देतं आणि एनओएस-१ नसलेल्यांचं कमी. डब्यातल्या रेणूला तो कुठून आला हे कळत नाही, म्हणून माझ्या मॉडेलला हे जमणं शक्यच नव्हतं.

डबे वेगळे करायचे ठरवलं, पण मनाला पटेना. एनओ हा इवलासा, विद्युतभार नसलेला रेणू. पटलांतून सहज आरपार जातो. पाण्यात त्याचा विसरण गुणांक, म्हणजे पसरण्याचा वेग सांगणारा आकडा, सेकंदाला सुमारे ३३०० चौरस मायक्रोमीटर. कागदावर मांडलं तर १० मायक्रोमीटर जायला जेमतेम १५ मिलिसेकंद. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एक ठोका ८०० मिलिसेकंदांचा. तेवढ्यात सगळा एनओ मिसळून जाईल, मग भिंत कसली?

भिंत निघाली मायोग्लोबिन या स्नायूतल्या प्रथिनाची. ऑक्सिजन धरलेलं मायोग्लोबिन एनओ दिसला की त्याचं नायट्रेट करून टाकतं. पेशीत ते साधारण २०० मायक्रोमोलर आणि ही अभिक्रिया भलतीच वेगवान, त्यामुळे माझ्या हिशेबात एनओचं आयुष्य एक दशांश मिलिसेकंदाच्या घरात आलं. म्हणजे धाव एक मायक्रोमीटरच्याही आत. स्नायूतंतूचा आकसणारा एक घटक, सारकोमिअर, हाच दोन मायक्रोमीटरचा असतो! मायोग्लोबिन नसलेल्या उंदरांच्या हृदयावर एनओचा परिणाम जास्त होतो, हे २००१ मध्ये दिसलंच होतं. शाळेपासून आपण त्याला प्राणवायूचं कोठार म्हणत आलो, इथे ते चक्क पहारेकरी निघालं. या नोंदीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

(आधी आठवायला हवं होतं. औषधशास्त्रज्ञ फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं होतं की एनओ बनवणारं अस्तर जागेवर आहे की नाही यावर निकाल बदलतो. सशाच्या महाधमनीचं आतलं अस्तर शाबूत असेल तर असिटिलकोलीन या चेतातंतूंच्या रसायनानं ती सैल पडते, अस्तर खरवडलं गेलं तर उलट आकसते.)

आता दोन डबे आहेत. पटलाजवळचा एनओ कॅल्शियमच्या वाहिन्यांना आवरतो, आतला साठ्यातून होणारी सोडवणूक वाढवतो. बंद करून पाहिलं तर रेघा विरुद्ध दिशांना गेल्या, २००२ च्या निकालासारख्या. पण याचा फार गाजावाजा करत नाही, चिन्हं मीच तशी घातली आहेत.

शिवाय २००३ मध्ये दुसऱ्या एका गटाला एनओएस-१ नसलेल्या पेशी जास्त जोरानं आकसताना दिसल्या, आणि त्यांना सैल पडायलाही वेळ लागला. त्यामुळे आतल्या डब्याच्या चिन्हाला सध्या अधिक-उणे असा खटका ठेवलाय. उणे केलं की एनओएस-१ बंद केल्यावर जोर वाढतो, पण सैल पडण्यातला उशीर काही येत नाही. कॅल्शियम परत साठ्यात ओढणाऱ्या पंपाला फॉस्फोलॅम्बन हे प्रथिन आवरून धरतं आणि ती ओळ माझ्या कोडमध्ये अजून नाहीच. पुढची नोंद तिथून.