आठ वाक्यांचा कारकून

ध्वनिमालिकांची कथा-संपादक म्हणून माझं काम मुख्यतः संहितेवर चालतं. लिहिलेला भाग कानाला कसा लागेल, माहिती कुठे जास्त झाली, कोण उगाच बोलतंय, ते बघायचं. रेकॉर्डिंगच्या दिवशी काचेच्या अलीकडे बसायचं आणि ऐन वेळचे बदल तिथेच लिहून द्यायचे. या माध्यमात मला सगळ्यात जास्त काळजी दुय्यम पात्रांची असते. त्यांना चेहरा नाही, कपडे नाहीत, उभं राहण्याची ढब नाही. दोन वाक्यं बोलून माणूस गेला की श्रोत्याकडे त्याचं काही उरत नाही. पण एकदा आठ वाक्यांच्या एका कारकुनाने आख्खा भाग बदलून टाकला, तो दिवस मला लिहून ठेवायचाय.

प्रसंग साधा होता. नायिकेचा भाऊ बेपत्ता आहे. त्याची काळी पिशवी गाडीत सापडली आणि स्थानकावरच्या हरवलेल्या सामानाच्या कार्यालयात जमा झाली, असं तिला कळतं. रात्री उशिरा ती तिथे पोचते. कारकून आधी अडवतो, ती ओळखपत्र दाखवते, मग तो पिशवी देतो. पिशवीत एक चावी निघते आणि कथा पुढे सरकते. कारकुनाकडून कथेला हवं होतं ते एवढंच: थोडा अडथळा आणि एक चावी.

तो लक्षात राहावा म्हणून तरुण लेखकाने त्याला दोन गोष्टी दिल्या होत्या, सतत येणारा खोकला आणि ‘नियम म्हणजे नियम’ हे पालुपद. भूमिका करणारे नट अनुभवी. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. वाचनाच्या वेळी त्यांनी तो खोकला असा काही काढला की सगळे खळखळून हसले. टेकही एकदम स्वच्छ झाला. पण दिग्दर्शकांनी तो परत ऐकवला तेव्हा खोलीत कोणी काही बोलेना. खोकला ऐकू येत होता, माणूस ऐकू येत नव्हता.

काका काचेपलीकडून म्हणाले, “मला एक सांगा. ही मुलगी आली नसती, तर मी आत्ता काय करत असतो?”

लेखक म्हणाला, “काही नाही काका. रात्रपाळी आहे, बसलेला आहे.”

“नुसता बसलो असेन तर कोणी आलं म्हणून मला बरंच वाटेल की. मग मी तिला अडवतो कशाला?”

दुय्यम पात्रांबद्दल इतका नेमका प्रश्न मी फार कमी वेळा ऐकलाय. अडथळा कथेला हवा असतो, पण अडवणाऱ्याजवळ त्याचं स्वतःचं कारण लागतं. ते नसेल तर तो लेखकाच्या सांगण्यावरून दारात उभा आहे हे श्रोत्याला लगेच कळतं. त्यावर खोकला घाला, तोतरेपणा घाला, काही फरक पडत नाही.

लेखकाने आपली बाजू लढवली, आणि ती कच्ची नव्हती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली कादंबरीवरच्या व्याख्यानांत सपाट (एकाच गुणावर उभी) आणि गोलाकार (अनेक पैलूंची) पात्रं असा भेद केला, आणि सपाट पात्रं वाचकाच्या सहज लक्षात राहतात हेही तिथेच म्हटलं. त्यांचं उदाहरण डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधल्या मिसेस मिकॉबर यांचं. आपण मिस्टर मिकॉबरना कधी सोडून जाणार नाही, या एका वाक्यात त्या बाई पूर्ण सामावतात. लेखकाचं म्हणणं, तिथे एक वाक्य पुरतं तर इथे का नाही?

मला यात फरक दिसतो. ती कादंबरी १८४९-५० मध्ये महिन्या-महिन्याने सुटे भाग काढून प्रसिद्ध झाली. महिनाभराने परतणाऱ्या वाचकाला माणूस चटकन ओळखू यायला हवा, आणि त्यासाठी खूण लागते, हे खरंच. पण मिसेस मिकॉबर यांचं वाक्य नुसती खूण नाही. नवरा कर्जात बुडालेला असताना बाईने घेतलेली ती भूमिका आहे, आणि ती तिला रोज निभवावी लागते. आमच्या कारकुनाचं ‘नियम म्हणजे नियम’ कोणीही, कुठेही म्हणू शकलं असतं. त्यात त्याचं काही पणाला लागलेलं नव्हतं.

मला त्या वेळी ‘शाकुंतला’तला कोळी आठवला, आणि मी तो प्रसंग सगळ्यांना सांगितला. सहाव्या अंकाच्या सुरुवातीला राजाची अंगठी विकायला काढली म्हणून शिपाई त्याला बांधून आणतात. कालिदासाने शिपायांना नावं दिली आहेत, सूचक आणि जानुक. कोळ्याला नाव नाही. त्याच्या धंद्याची टिंगल होते तेव्हा मार खाणारा हा माणूस उत्तर देतो: जन्माने आलेलं काम लोक नावं ठेवतात म्हणून सोडू नये, मनाने दयाळू असलेला वैदिक ब्राह्मणही यज्ञात पशू मारताना कठोर होतोच. पुढे राजाकडून बक्षीस येतं, तर त्यातलं अर्धं तो शिपायांनाच देऊन टाकतो आणि सगळे मिळून मद्य प्यायला जातात. कथेला त्याच्याकडून फक्त अंगठी हवी होती. पण त्याला जीव वाचवायचाय, धंद्याची लाज राखायचीये आणि सुटल्यावर या शिपायांशी वैर नकोय. अंगठी या सगळ्याच्या ओघात राजापर्यंत पोचते.

“मग आमच्या कारकुनाला काय हवंय?” दिग्दर्शकांनी विचारलं.

उत्तर नायिकेचं काम करणाऱ्या मुलीने दिलं. “ते सामान मोजत असले तर? उद्या वही दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची असेल, आणि मी मध्येच येऊन आकडा विसरायला लावला तर?”

मी तिथेच कागद ओढला. वहीतल्या नोंदी आणि मांडणीवरचं सामान यांचा ताळा लागल्याशिवाय त्याला घरी जाता येणार नाही, एवढं धरून चाललो. लिहिलेलं असं निघालं:

“एकशे बारा... एकशे तेरा...”

“ऐका ना, एक काळी पिशवी...”

“एकशे चौदा. थांबा.”

“माझ्या भावाची आहे, कालच्या गाडीत...”

“एकशे...” मग थोडा वेळ काहीच नाही. वही मिटल्याचा आवाज. “गेलं. परत एकपासून.”

खोकला आपोआप गळला. मोजणाऱ्या माणसाला खोकायला फुरसत कुठली! शिवाय आता अडवण्याला कारण आलं. ताळा जुळायचा तर पिशवी ओळखपत्रावर देऊन भागणार नाही, आतल्या वस्तू वहीतल्या यादीशी जुळायला हव्यात. म्हणून तो विचारतो, काय काय आहे सांगा. ती म्हणते कपडे, एखादं पुस्तक.

“चष्मा?”

“नाही. तो चष्मा लावत नाही.”

“इथे लिहिलाय. नंबरचा.”

या ठिकाणी आम्ही काहीच लिहिलं नव्हतं, पण त्या मुलीने श्वास घेतला आणि तो सोडलाच नाही. सख्ख्या भावाला चष्मा लागलेला तिला माहीत नव्हता. कारकुनाच्या मनात तिला दुखवायचं काही नाही, त्याची नजर यादीवर आहे, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. शेवटी तिला एक गोष्ट आठवते: पिशवीचा पट्टा तिने स्वतः शिवून दिला होता, काळा धागा नव्हता म्हणून लाल धाग्याने. तो बघतो. “लाल. आहे. सही करा.” ती दाराबाहेर जाताना मागून त्याचा आवाज येत राहतो, एक, दोन, तीन.

मग काका रंगात आले. पुढच्या टेकला त्यांनी निवृत्ती आणली, दुखणारे गुडघे आणले, वाट बघणारी बायकोही आणली, आणि सगळं गोड वाटत होतं. दिग्दर्शकांनी ते काढायला लावलं आणि मीही त्यांच्याच बाजूने होते. बायकोचं नाव निघालं की श्रोता कारकुनाबरोबर त्याच्या घरी निघतो आणि नायिका फलाटावर एकटी राहते. या माणसाचा भूतकाळ नट मनात ठेवू शकतो, ठेवावाच. संहितेत त्या रात्रीचं अर्धवट राहिलेलं काम पुरतं. निवृत्तीतलं एकच वाक्य राहिलं, ‘उद्या वही दुसऱ्याच्या हाती जायची आहे.’

खरा पेच त्यानंतरचा. पुढच्या प्रसंगात नायिकेचं पानभर स्वगत होतं, भावाला आपण ओळखतच नव्हतो हे तिला उमगतं ते. सुंदर लिहिलेलं पान, लेखकाचं सगळ्यात आवडतं. पण चष्म्यानंतर ते ऐकताना कळलेलंच पुन्हा समजावून सांगितल्यासारखं वाटत होतं. लेखक गप्प झाला. मलाही ते काढा म्हणायचं जिवावर आलं. नायिकाच म्हणाली, “माझं त्या कार्यालयात बोलून झालंय.” स्वगत जाण्यात सर्वाधिक नुकसान तिचं होतं, आणि तरीही ती ते म्हणाली, याचं मला फार मोल वाटतं. लेखकाने दोन्ही प्रसंग सलग ऐकवायला सांगितले. संपल्यावर त्याने स्वतःच त्या पानावर आडवी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशीच्या भागात आणखी तीन छोटी पात्रं होती: घरमालकीण, औषधाच्या दुकानातला मुलगा, भाड्याच्या गाडीचा चालक. रेकॉर्डिंग आवरल्यावर लेखक आणि मी तिथेच बसलो. औषधवाल्या मुलाची उद्या परीक्षा आहे, तो गल्ल्यावर पाठांतर करतोय, हे लगेच सुचलं. घरमालकिणीला खोली या महिन्यातच दुसऱ्या कोणाला तरी द्यायचीये, म्हणून भाऊ परत येणार की नाही हे तिलाही कळायला हवंय. चालकाला मात्र काही केल्या काम सापडेना. तो आम्ही काढून टाकला. त्या भागात नायिका चालत जाते.