स्क्रू गंजतो तो घरी

वॉटर स्की पाहणाऱ्याचं लक्ष जातं तिच्या आकाराकडे, रंगाकडे, फार तर खालच्या फिनकडे, म्हणजे पाण्यात दिशा धरणाऱ्या पात्याकडे. बाइंडिंग, म्हणजे पाय ज्यात आवळून बसतो तो रबरी बूट, आणि त्याला फळीवर धरून ठेवणारे स्क्रू यांच्याकडे कोण कशाला बघेल? पुढच्या पायाच्या पट्टीला, म्हणजे बुटाखालच्या तळपट्टीला, चार-सहा, मागच्या पायाच्या पट्टीला आणखी दोन-चार. नखाएवढी डोकी. पण ताशी पन्नास किलोमीटरने धावणाऱ्या बोटीमागे दोरीला धरून माणूस आडवा होत वळण घेतो, तेव्हा त्याचा आणि स्कीचा सगळा संबंध या डोक्यांवर येऊन ठेपतो.

हे स्क्रू समुद्रात गंजतात असा सरसकट समज आहे. पुष्कळदा ते गंजतात घरी. पाण्यातून बाहेर आल्यावर, ओल्या बॅगेत, गाडीच्या डिकीत, माळ्यावर. पाण्यात ते असतात दिवसाला तास-दीड तास. उरलेला सगळा वेळ मीठ अंगावर घेऊन, अंधारात, वारा न लागता पडून असतात. गंजाला यापेक्षा चांगली सोय कुठली?

हा खेळ मुळात गोड्या पाण्यातला. 1922च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात, लेक पेपिन या तळ्यावर, राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद पाइनच्या दोन फळ्या घेतल्या, त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली, पायासाठी चामडी पट्टे लावले आणि बोटीमागे तो उभा राहिला. लेक पेपिन म्हणजे मिसिसिपी नदीचाच फुगलेला भाग. मिठाचा तिथे प्रश्नच नाही. पुढे हा खेळ फोफावला तो फ्लोरिडातल्या विंटर हेवनसारख्या ठिकाणी, तोही गोड्या तळ्यांवरच. त्यामुळे स्कीच्या सोबत येणाऱ्या माहितीपत्रकात खाऱ्या पाण्याला एक ओळ मिळाली तरी खूप. ‘वापरानंतर स्वच्छ पाण्याने धुवा.’ पुढचं ज्याचं त्याने बघावं.

आता स्टेनलेस स्टीलबद्दल. ‘गंजत नाही’ असं त्याच्या नावातच लिहिलंय म्हणून लोक निश्चिंत राहतात. या पोलादात साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असतं आणि त्याचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो. खरा राखणदार तो थर. ओरखडा पडला तर तो पुन्हा धरतो, मात्र त्यासाठी प्राणवायू लागतो. स्क्रूचं डोकं उघड्यावर असतं, त्याला तो मिळतो. डोक्याखालच्या फटीत आणि आट्यांमध्ये जे थेंबभर खारं पाणी अडकतं, तिथला प्राणवायू लवकरच संपतो आणि नवा पोचत नाही. मग त्या थेंबात क्लोराइड साचत जातं, थेंब आम्लधर्मी होतो आणि थर फुटतो. म्हणूनच वरून चकचकीत दिसणारा स्क्रू काढला की खाली मानेपाशी खड्डे पडलेले सापडतात. चकाकणाऱ्या डोक्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

बदली स्क्रू घेताना दुकानदाराकडे 316 या प्रतीच्या स्टेनलेसचा मागावा; काही ठिकाणी त्यावर ए4 असा शिक्का असतो. नेहमीचा 304, म्हणजे ए2, गोड्या पाण्याला ठीक. 316मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडपुढे तो जास्त काळ तग धरतो. अमर तोही नाही. सुट्या डब्यातला स्क्रू कसला आहे हे कळत नसेल तर लोहचुंबक लावून पाहावा. खटकन चिकटला तर तो जस्ताचा मुलामा दिलेला साधा लोखंडी असेल किंवा स्टेनलेसमधला हलका प्रकार. दोन्ही परत डब्यात. अगदी किंचित ओढला गेला तर काळजी नको, थंड ठोकून घडवलेल्या चांगल्या स्टेनलेसमध्येही तेवढं चुंबकत्व येतं.

दुसरी भानगड अॅल्युमिनियमची. बऱ्याच बाइंडिंगची तळपट्टी अॅल्युमिनियमची असते, फिन धरणारा ठोकळाही त्याचाच. अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की ती एक छोटी बॅटरी होते. त्यात झिजतं अॅल्युमिनियम. भोकाभोवती पांढरी भुकटी जमते ती त्याचीच. लोक तिला मीठ समजून फडक्याने पुसून टाकतात. ओळखायची खूण सोपी: थेंबभर पाणी टाकावं. मीठ विरघळतं, ही भुकटी विरघळत नाही. आणि तिचा खरा त्रास दिसण्यापुरता नाही. मूळ धातूपेक्षा ती जास्त जागा व्यापते, त्यामुळे भोकात स्क्रूला चहूबाजूंनी आवळते. पुढे कधीतरी पेचकस लावल्यावर स्क्रू हलत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. स्कीच्या आत बसवलेल्या इन्सर्ट, म्हणजे स्क्रू ज्यात पिळला जातो त्या आटे पाडलेल्या धातूच्या नळ्या, पितळी असतील तर हा झगडा सौम्य असतो, अॅल्युमिनियमच्या असतील तर फार वाईट. कार्बन फायबरची फळीही या बाबतीत निरुपद्रवी नाही. कार्बन वीज वाहून नेतो आणि उघड्या कडेला टेकलेलं अॅल्युमिनियम पोखरतो.

कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट सोसावी लागते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तसंच स्क्रूच्या भोकातल्या मिठालाही सुटतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की ओलं होतं. समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर 33 टक्क्यांनाच. किनाऱ्यावरची हवा तेवढी कोरडी जवळजवळ कधीच नसते. म्हणजे ‘वाळली’ म्हणून आत ठेवलेली स्की तिथे खरं तर वाळलेलीच नसते. मीठ काढल्याशिवाय वाळवण्याला काही किंमत नाही.

तेव्हा धुणं. नळीने वरवर फवारा मारून भागत नाही. जोराचा फवारा तर मीठ उलट फटीत ढकलतो. बुटाचं आतलं अस्तर आणि पायाखालची गादी निघत असेल तर काढावी आणि बाइंडिंगचा भाग गोड्या पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवावा. टब नसेल तर बादलीने पट्टीच्या कडांवरून सावकाश पाणी ओतत राहावं, सोबत बूट हाताने दाबत-सोडत राहावं, म्हणजे खाली अडकलेलं पाणी हलतं. मग स्की शेपटीवर उभी करून सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. उन्हात नको, धातूला ऊन चालेल, रबराला चालत नाही. बॅगेत घालायची ती पूर्ण कोरडी झाल्यावर, आणि घरी पोचल्यावर बॅगेची चेन उघडी ठेवावी.

धुण्याने काम अर्धंच होतं. गंजाला खरा आळा बसतो तो स्क्रू उघडल्याने. वर्षातून किमान एकदा, समुद्रात वापर असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा, प्रत्येक स्क्रू बाहेर आला पाहिजे. ‘चाललंय ना नीट, मग कशाला हात लावायचा’ हे तत्त्व इतर पुष्कळ ठिकाणी शहाणपणाचं असेल, इथे घातक आहे.

उघडण्याआधी पट्टीच्या कडेने स्कीवर चिकटपट्टीची खूण करावी. पट्टीला लांबट खाचा असतात, ती पुढेमागे सरकते, आणि पाव इंचाच्या फरकाने स्की वेगळी वागते. स्क्रू एकेक करून काढून परत लावायचे असतील तर खुणेचीही गरज पडत नाही, पण मग पट्टीखालची वाळू तशीच राहते. वर्षातून एकदा तरी पट्टी पूर्ण उचलावीच.

स्क्रूचे आटे जुन्या टूथब्रशने साफ करावेत. लोखंडी तारेचा ब्रश किंवा स्टील वूल नको. त्याचे कण स्टेनलेसवर राहतात, तेच गंजतात आणि दोष स्क्रूच्या माथी येतो. पांढरी किंवा हिरवी पुटं साध्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने निघतात. नंतर पाण्याने पुसणं आवश्यक, आम्ल आत ठेवायचं नाही. मानेवर खड्डे दिसले तर तो स्क्रू फेकावा. बदली स्क्रू लांबीला तंतोतंत तेवढाच हवा. दोन मिलिमीटर जास्त लांब स्क्रू इन्सर्टच्या तळाला टेकतो आणि जोर केला की स्कीच्या खालच्या बाजूला फुगवटा आणतो. भोकात काडीपेटीची काडी घालून खोली मोजता येते. आट्यांचं माप कंपनीगणिक बदलतं. वेकबोर्डला, म्हणजे बोटीमागे दोन्ही पायांनी उभं राहायच्या रुंद फळीला, बहुधा एम6, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचा स्क्रू असतो, म्हणून स्कीलाही तोच असेल असं गृहीत धरून पिळू नये.

मग ग्रीस. मोहरीच्या दाण्याएवढं, आट्यांच्या पहिल्या दोन-तीन वेढ्यांवर आणि डोक्याच्या खालच्या बाजूला. बोटींच्या सामानाच्या दुकानात मिळणारं लॅनोलिनचं किंवा टेफ्लॉन असलेलं ग्रीस उत्तम. तांब्याची भुकटी घातलेलं, गॅरेजात वापरतात ते अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण, इथे चुकूनही वापरू नये. ग्रॅफाइटचंही तेच. दोन्ही अॅल्युमिनियमशी नवी बॅटरी सुरू करतात, म्हणजे रोग बरा करायला रोगच टोचल्यासारखं. व्हॅसलीन अडीअडचणीला चालतं, पण रबराला लागू देऊ नये, नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगतं आणि सैल पडतं.

काही उत्पादक ग्रीसऐवजी निळा थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांना लावायचा डिंकासारखा द्रव, लावायला सांगतात. त्यालाही अर्थ आहे: तो आट्यांमधली जागा भरतो, पाणी आत शिरत नाही आणि हादऱ्याने स्क्रू सैलही होत नाही. पण दोन्ही एकाच वेळी नाही. ग्रीसवर थ्रेडलॉकर धरतच नाही. शिवाय तो काही प्लॅस्टिकना तडे पाडतो, त्यामुळे पट्टी प्लॅस्टिकची असेल तर थेंब सांडणार नाही हे बघावं. लाल थ्रेडलॉकर स्कीच्या आसपास आणूच नये.

लावताना स्क्रू आधी उलटा फिरवावा. टक् असा हलका आवाज येतो आणि स्क्रू किंचित खाली बसतो, तिथून सुलटा घ्यावा. यामुळे आटे आडवे पडत नाहीत. सगळे स्क्रू सैलसर लावून मग समोरासमोरचे, आलटून पालटून आवळावेत. हातानेच. बॅटरीवरचं यंत्र पाच सेकंदांत इन्सर्टचे आटे घालवतं. ग्रीस लावलेला स्क्रू तेवढ्याच जोरात जास्त ताणला जातो, म्हणून हात थोडा आखडता. पहिल्या फेरीनंतर एकदा पुन्हा तपासावं, कारण पट्टीखालचा फोम दबतो आणि स्क्रू सैल होतात.

आणि एवढं करूनही, किंवा न केल्यामुळे, एखादा स्क्रू हललाच नाही तर? डोक्याच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस शोधावा. पुष्कळ डोकी फुलीच्या खाचेची, क्रमांक 3 मापाची असतात आणि लोक क्रमांक 2 घालून खाच खराब करतात. भेदक तेलाचे, म्हणजे फटीत झिरपणाऱ्या पातळ तेलाचे, दोन थेंब रात्रभर. सकाळी आधी किंचित आवळण्याच्या दिशेने जोर द्यायचा, मग उलटा. तरी नाही हलला तर सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर मिनिटभर. त्याहून जास्त नाही, कारण आतला इपॉक्सी (चिकटवणारी राळ) आणि फोम उष्णतेने मऊ पडतो. स्क्रूबरोबर इन्सर्टच फिरायला लागली तर तिथेच थांबावं. पुढे ती इपॉक्सीने परत बसवावी लागते, आणि ते काम रोज करणाऱ्याच्या हातून झालेलं बरं.